जाड स्लॅबमधून कॅबोशॉन: जास्तीचे मिलिमीटर कुठे घालवायचे

कॅबोशॉनसाठी, म्हणजे वरून घुमटासारखा आणि खालून सपाट घासलेल्या दागिन्याच्या दगडासाठी, साधारण 5 ते 6 मिमी जाडीचा स्लॅब, म्हणजे दगडाचा सपाट काप, लागतो. हातात येतो तो मात्र पुष्कळदा 9, 10, कधी 12 मिमीचा. गुजरातेतल्या खंभातच्या बाजारातल्या अकीकच्या (अगेटच्या) बऱ्याच चकत्या कोस्टर, घड्याळाच्या तबकड्या किंवा बुकएंडसाठी कापलेल्या असतात. नदीपात्रात सापडलेला गोटा गावातल्या ग्रॅनाइटवाल्याकडे नेला, तर तो फरशीच्या सवयीने 18-20 मिमीचा काप देतो. स्वतःच्या स्लॅब सॉवर, म्हणजे गोट्याचे काप घेणाऱ्या करवतीवर, पहिले काप घेणाराही पातळ काप मोडेल या भीतीने दोन-चार मिमी जास्तच ठेवतो.

असा जाड काप समोर आला की बहुतेक जण त्यावर अंडाकृती आखतात, कापून घेतात आणि 80 ग्रिटच्या, म्हणजे खरखरीत हिऱ्याच्या, चाकावर घासायला बसतात. जरा हिशोब करून बघा. 40 × 30 मिमीच्या अंडाकृतीचं क्षेत्रफळ 942 चौरस मिमी भरतं. अकीकची घनता साधारण 2.6, म्हणजे जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमध्ये जवळपास 2.45 ग्रॅम, 12 कॅरेटच्या वर दगड असतो. 10 मिमीचा तुकडा 6 मिमीवर आणायचा तर घुमटाचं काम सुरू होण्याआधीच 49 कॅरेट दगडाचा चिखल होतो. त्यासोबत चाकावरचा हिरा झिजतो, आणि आपल्या कामात सर्वात महागडी झिजणारी वस्तू तीच आहे.

म्हणून माझा नियम पक्का आहे: जास्तीची जाडी चाकावर घालवायची नाही. ती करवतीने सलग काढायची, नाहीतर घुमटात वापरायची. यातलं काय करायचं ते दगडावर अवलंबून असतं, आणि ते ओळखायला करवत चालू करण्याआधी थोडा वेळ द्यावा लागतो.

आधी मोजणी आणि उजेड

व्हर्निअरने स्लॅबची जाडी चारही कोपऱ्यांवर आणि जमेल तितकी आतल्या बाजूला मोजा. जाड स्लॅब बहुधा पाचरीसारखा असतो, एका टोकाला 9 मिमी तर दुसऱ्या टोकाला 11.5. पातं बोथट झालं किंवा गोटा व्हाइसमध्ये (करवतीच्या पकडीत) सरकला की असं होतं. पाचर असणं वाईट नाही. कुठल्या टोकातून काय काढायचं ते ठरवता येतं, फक्त ती आधी माहीत हवी.

तेलात कापलेला स्लॅब असेल तर भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, एक रात्र कोरड्या भुशात पुरून ठेवा आणि शेवटी ॲसिटोनचा बोळा फिरवा. तेल राहिलं तर पुढे ना लाख धरते, ना इपॉक्सी.

मग भेगा. स्लॅब पाण्यात भिजवून बाहेर काढा आणि वाळताना बघत राहा. पृष्ठभाग आधी वाळतो, भेगेतलं पाणी मागे राहतं, आणि काही क्षण भेग काळ्या रेषेसारखी स्पष्ट दिसते. त्याच वेळी ॲल्युमिनियमच्या टोकदार तारेने ती आखून घ्या. पेनची खूण पाण्याच्या फवाऱ्यात धुऊन जाते, ॲल्युमिनियमची टिकते. जाड स्लॅबमध्ये एका बाजूची भेग दुसऱ्या बाजूला भलतीकडेच बाहेर पडते, म्हणून दोन्ही बाजू आखायच्या. दोन रेषांमधला सरक हाच भेगेचा तिरपेपणा.

हीच नजर नक्षीसाठीही लागते, कारण जाड स्लॅब इथेच सर्वांत जास्त फसवतो. वरच्या पृष्ठभागावर दिसणारी नक्षी घुमटाच्या फक्त माथ्याजवळ शिल्लक राहते. कडेला आपण 4-5 मिमी खाली उतरतो आणि तिथे जी नक्षी उघडी पडते ती स्लॅबच्या पोटातली असते. पट्टे उभे, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असतील तर काही फरक पडत नाही. ते 45 अंशात असतील तर 5 मिमी खाली गेल्यावर नक्षी 5 मिमी सरकते. पट्टे आडवे झोपलेले, समजा 20 अंशात, असतील तर तेवढ्याच खोलीत जवळपास 14 मिमी सरकतात, आणि टेम्प्लेटच्या (आकार आखायच्या साच्याच्या) मधोमध बसवलेला नक्षीचा डोळा तयार दगडात कडेला पळालेला दिसतो. त्यामुळे टेम्प्लेट ठेवताना खालची बाजूही बघा. दोन बाजूंच्या नक्षीत मोठा फरक असेल तर कडेची नक्षी दोन्हींच्या मधली कुठलीतरी असणार, हे धरून चला.

दगडाला जाडी हवी आहे का?

अपारदर्शक दगडाला नको असते. जॅस्पर, ब्लडस्टोन, पिक्चर स्टोन यांत उजेड आत शिरतच नाही, तेव्हा 6-7 मिमीच्या पुढचा दगड फक्त वजन वाढवतो. असे स्लॅब बेधडक उभे चिरावेत, म्हणजे जाडीतून त्यांचे दोन पातळ काप करावेत.

अर्धपारदर्शक दगडात जाडीने रंग गडद होतो. फिका कार्नेलियन 9 मिमीत भरदार दिसतो आणि 4 मिमीत चहाच्या पाण्यासारखा. उलट, गडद हिरव्या मॉस अकीकचा 10 मिमी जाड घुमट कानात घातल्यावर काळाच दिसतो. टॉर्च मागून लावून पाहू नका, कारण तेवढा उजेड दागिन्याला कधीच मिळत नाही. स्लॅब पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. त्यात जेवढा रंग दिसेल तेवढाच बंद कोंदणात दिसेल.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले वायूचे बुडबुडे राहिले आणि त्या पोकळ्या पुढे सिलिकाने भरल्या. गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या पात्रांत मिळणारा अकीक तिथलाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला गाड्यांनी जाणाऱ्या मालात हा पट्ट्यांचा दगड भरपूर असल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या या दगडात काळी-तपकिरी झाडासारखी नक्षी, म्हणजे डेंड्राइट, पुष्कळदा एकाच पातळ थरात असते. अशा स्लॅबला जाडी ही देणगी आहे. काप ओला करून बाजूने टॉर्च मारा आणि थर वरून किती खाली आहे त्याचा अंदाज घ्या. तो वरच्या बाजूपासून 3 मिमीवर आणि खालच्या बाजूपासून 7 मिमीवर असेल, तर करवत खालच्या बाजूला लावायची आणि घुमट वरच्या बाजूला काढायचा. नक्षी घुमटाच्या माथ्याखाली 1-2 मिमी राहिली की ती आत तरंगल्यासारखी दिसते. घासताना थर उघडा पडला तर तिथे खड्डे येतात, कारण मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं अकीकपेक्षा मऊ असतात आणि पॉलिशमध्ये आधी झिजतात.

जाड स्लॅबचा खरा फायदा चमक फिरणाऱ्या दगडांत होतो. टायगर आय, मूनस्टोन, लॅब्राडोराइट. टायगर आयचे तंतू तळाला समांतर असावे लागतात, तरच प्रकाशाची पट्टी घुमटाच्या मधोमध येते. लॅब्राडोराइटची निळी झाक एका ठराविक पातळीवरून परावर्तित होते, आणि ती पातळी तळाशी तिरपी असेल तर दगड गळ्यात घातल्यावर राखाडीच दिसतो. स्लॅब चुकीच्या कोनात कापलेला असला तर 6 मिमीत काही करता येत नाही. 12 मिमी असतील तर दगड आतल्या आत तिरपा करून दुरुस्त करता येतो. 18 मिमी लांबीत 15 अंशांचा तिरपेपणा काढायला साधारण 4.7 मिमी जाडी खर्च होते, आणि तरी सात-साडेसात मिमी दगड हातात राहतो. तिरपेपणा 13 मिमीच्या रुंदीच्या दिशेने असेल तर खर्च 3.4 मिमीच. कोन मोजायला स्लॅब ओला करून एका दिव्याखाली सपाट धरा आणि झाक पूर्ण उजळेपर्यंत हळूहळू कलता करा. स्लॅब जितका कलवावा लागतो त्यावरून तिरपेपणाची दिशा कळते. पाचरीच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा त्याखाली सरकवून, दिवा आणि नजर दोन्ही वरून ठेवून, झाक पुन्हा तपासा. ती वरूनच दिसू लागली की तोच ठोकळा स्लॅबखाली ठेवून नवीन तळ करवतीने कापून घ्या. टायगर आय, मूनस्टोन, लॅब्राडोराइट यांचे जाड स्लॅब या तपासणीआधी कधीच चिरू नयेत.

अतिशय बारीक, केसासारखे पट्टे असलेला, जवळपास रंगहीन अकीक हाती आला तर त्याचा एक कोपरा आधी 2 मिमीपर्यंत पातळ कापून दूरच्या छोट्या दिव्याकडे त्यातून बघा. इंद्रधनुष्याचे रंग देणारा आयरिस अकीक जाड स्लॅबमध्ये लपून राहतो.

आणि एक सावधगिरी: भडक निळ्या, गुलाबी, जांभळ्या चकत्या रंगवलेल्या असतात. रंग बाहेरून आत मुरतो. जाड चकती मधून चिरली की आतली बाजू फिकी निघू शकते. त्या चिरायच्या नसतात.

उभं चिरणं

स्लॅबचे जाडीतून दोन करायचे की नाही, हे पातं किती खातं यावर ठरतं. एकूण जाडीतून पात्याची जाडी वजा करायची, उरलेल्याचे दोन भाग करायचे, आणि करवतीच्या खुणा घालवायला प्रत्येक तुकड्याचे 0.2-0.3 मिमी सोडायचे. 12 मिमीचा स्लॅब 1.3 मिमी खाणाऱ्या 10 इंची पात्यावर चिरला तर 5.3 मिमीचे दोन मिळतात. 10 मिमीचा स्लॅब 0.8 मिमीच्या 6 इंची पात्यावर 4.6 मिमीचे दोन देतो. 9 मिमीमधून 4.1 चे दोन येतात, ते 18 × 13 किंवा त्याहून लहान दगडांना पुरतात. 8 मिमीचा स्लॅब चिरण्यात मला अर्थ वाटत नाही. तो मोठ्या लॉकेटसाठी तसाच वापरावा. ग्रॅनाइटवाल्याकडे मात्र हे काम नेऊ नका. त्याचं पातं तीन मिमी किंवा त्याहून जास्त खातं, आणि त्याच्या दातांनी अकीकच्या कडेचे टवके उडतात.

समान भागच करायला हवेत असंही नाही. 11 मिमीमधून 6.5 मिमीचा एक मोठा कॅबोशॉन आणि 3.7 मिमीचा काप कानातल्यांसाठी, असंही विभागता येतं. पण समान चिरण्याचा एक मोठा लाभ आहे. समोरासमोरच्या दोन कापलेल्या बाजू आरशातल्या प्रतिमेसारख्या जुळतात, म्हणजे कर्णफुलांची जोडी आयती तयार होते. पट्टे 45 अंशात असतील तर पात्याने खाल्लेल्या 0.8 मिमीइतका फरक दोघींत येतो, तो डोळ्याला जाणवत नाही.

आता पकड. पातळ वस्तू तिच्या पातळ बाजूतून कापायची म्हणजे व्हाइसला धरायला काहीच राहत नाही. कडेला धरलं तर स्लॅब दाबाने कंप पावतो आणि पातं भरकटतं. म्हणून स्लॅबची एक बाजू पूर्ण एका सपाट लाकडी फळीवर किंवा टाकाऊ ग्रॅनाइटच्या तुकड्यावर चिकटवायची आणि तो तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा. फळी पात्याला समांतर आहे ना, हे पातं बंद असताना दोन टोकांवर मोजून बघा. समोरच्या आणि मागच्या टोकात 0.3 मिमीपेक्षा जास्त फरक नको. चिकटवायला पाण्यावर चालणाऱ्या करवतीसाठी इपॉक्सी, तेही सावकाश बसणारं, 24 तास ठेवून. तेलावरच्या करवतीसाठी वॉटर ग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, उत्तम. तेलात ते टिकतं आणि नंतर पाण्यात भिजवलं की सुटतं. इपॉक्सी सोडवायला तुकडा थंड पाण्यात ठेवून पाणी हळूहळू उकळीला आणा. भेगा असलेल्या दगडावर हे करू नका, त्याला ॲसिटोनमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा.

6 इंची पात्याचा वापर करता येईल अशी कापण्याची उंची 45-50 मिमीच्या आसपास असते, कारण मधली जागा वॉशरने अडवलेली असते. मोठा स्लॅब त्यावर चिरता येत नाही. म्हणून आधी स्लॅबमधून 2 मिमी सूट ठेवून आकाराचे ठोकळे कापा आणि मग एकेक ठोकळा लाकडाच्या तुकड्यावर चिकटवून चिरा. चिरायचं क्षेत्र लहान झालं की पातं कमी भरकटतं. 30 × 22 मिमीच्या दगडासाठी मी हाच मार्ग सुचवेन, हाताशी मोठी करवत असली तरी.

पातं भरकटतं ते तीन कारणांनी. ढकलण्याचा जोर बाजूने लागतो. किंवा हिरे गुळगुळीत धातूत झाकले जातात, आणि पातं कापण्याऐवजी घासायला लागतं, आवाज किरकिरा होतो. त्यावर उपाय म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या जुन्या शाणेच्या तुकड्यातून दोन-चार काप घ्यायचे, धातू झिजून हिरे पुन्हा वर येतात. तिसरं, पातं वाकलेलं असतं आणि ते काही केल्या सरळ होत नाही, बदलावंच लागतं.

शेवटचे 3 मिमी सर्वांत धोक्याचे. सुटणारा अर्धा भाग स्वतःच्या वजनाने झुकतो, पात्याला चिमटा बसतो, आणि तुकडा मोडून तळाशी दगडाचा एक खुंट राहतो. सुटणाऱ्या बाजूला आधीच एक लाकडी पट्टी लावून ठेवा आणि शेवटी पुढे सरकण्याचा वेग निम्म्यावर आणा. खुंट राहिलाच तर तो घासून काढा. पकडीने तोडायला गेलात तर मोड आत शिरते.

जाड ठेवायचं असेल तर

13 मिमीपर्यंत रुंदीच्या दगडाची एकूण उंची रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी शोभते. 30 मिमी रुंदीच्या दगडात चौथा-पाचवा हिस्सा पुरतो. यापेक्षा उंच घुमट मुद्दाम काढायचा असेल तर वजन बघा. 25 × 18 चा दगड 6 मिमी उंचीला साधारण 4 ग्रॅम भरतो, 10 मिमी उंचीला 6 ग्रॅमच्या पुढे जातो. लॉकेटला हे चालतं, कानाला नाही. अंगठीतही 10 मिमीचा घुमट दाराच्या कडीला, नळाला आपटत राहतो.

उंच घुमटात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे उभ्या भिंती. जाडी आहे म्हणून कडा 90 अंशात सरळ वर नेल्या जातात आणि फक्त माथा गोल होतो. असा दगड कोंदणात राहत नाही. सोनाराने दुमडलेल्या चांदीच्या पट्टीला दगडावर झुकायला उतार हवा असतो. कमरेच्या, म्हणजे दगडाच्या सर्वांत रुंद भागाच्या, धारेपासून वरचे 2-3 मिमी आत झुकलेले, साधारण 75-80 अंशांत ठेवा. दगड बोटात उभा धरून बाजूने त्याची सावली कागदावर पाडली की भिंत उभी आहे की झुकलेली, ते लगेच कळतं.

दोन्ही बाजूंनी घुमट हा दुसरा पर्याय. 11 मिमीच्या तुकड्यात कमरेची रेषा खालून 3 मिमीवर आखा, वर 7 मिमीचा आणि खाली सपाटसा घुमट काढा, मध्ये 1 मिमीची सरळ कड सोडा. ती पूर्ण धारदार केली तर हमखास टवका उडतो. तारेने गुंडाळायच्या लॉकेटला हा आकार फार चांगला बसतो, कारण तार मधल्या कडेवर टेकते. कोंदणासाठी मात्र तळाला आधार लागतो. सोनार तिथे लाख भरतात किंवा मागून उघडी घडण करतात.

गडद अर्धपारदर्शक दगड, विशेषतः गार्नेट, मागून कोरून हलके करण्याची पद्धत फार जुनी आहे. बाहेरून घुमट तसाच, आणि तळातून वाटीसारखी खोल. हिऱ्याचा गोल बर (कोरायचं टोक), तो फिरवणारा फ्लेक्स शाफ्ट, आणि दगड उथळ पाण्यात बुडवलेला. भिंत कुठेही 2 मिमीपेक्षा पातळ करू नका. आतली वाटी निदान 600 ग्रिटपर्यंत न्यावी. खरखरीत सोडली तर तिथे उजेड विखुरतो आणि दगड दुधाळ दिसतो. हे काम पॉलिश करण्याआधी उरकावं.

कोपरे करवतीवर

चिरायचं नसलं तरी घुमटातून जाणारा बराचसा दगड करवतीने काढता येतो. आधी अंडाकृतीभोवतीच्या चौकोनाचे चार कोपरे छाटा, मग उरलेले आठ. एवढ्याने बाह्यरेषा जवळपास मिळते. नंतर वरच्या कडा 45 अंशांत कापा. यासाठी लाकडाची 45 अंशांची पाचर बनवून ट्रिम सॉच्या (लहान करवतीच्या) टेबलावर ठेवा आणि दगड तिच्यावर टेकवून सरकवा. हातात अधांतरी धरून तिरपा काप घेऊ नका. थोडा जरी कल बदलला तरी पातं खाचेत अडकतं, दगड हातातून उडतो आणि पातं कायमचं वाकतं. काप सुरू झाल्यावर कोन बदलायचा नाही. चुकला असेल तर बाहेर काढून नवा काप घ्या. कमरेची रेषा तळापासून 2 मिमीवर आखलेली असावी आणि काप तिच्या 1 मिमी वरच थांबायला हवा.

टाइल तोडायची पकड जाड स्लॅबला वापरू नये. 5 मिमीपर्यंत ती कड स्वच्छ तोडते, 9-10 मिमीत शंखाकार मोड आत शिरते आणि आखलेली रेषा खाऊन टाकते. खंभातचे कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके उडवतात आणि अकीकच्या मण्यांना आकार देतात. ती मोडही शंखाकारच, पण त्यांचा हात तिला हवी तिथे नेतो. पकडीला ते जमत नाही.

लाख, चाकं, पॉलिश

घासताना दगड धरायला तो लाखेने एका काडीच्या टोकाला चिकटवतात. जाड दगड काडीवर जास्त हिसका खातो, कारण चाक लागतं ते काडीच्या टोकापासून दूर. म्हणून काडी दगडाच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश इतकी जाड घ्या आणि लाखेचा कठडा दगडाच्या तळाला सर्व बाजूंनी वळवून दाबा. दगड तव्यावर हळूहळू तापवा. 10 मिमीचा अकीक बाहेरून गरम लागला तरी आत थंड असतो, आणि थंड दगडावर लाख नुसती टेकते. लाखेचा एक कण दगडावर ठेवा. तो आपोआप पसरला की दगड तयार. ओपल आणि भेगाळ दगड तापवू नयेत, त्यांना इपॉक्सी.

80 च्या चाकावर आधी 45 अंशांचा उतार, मग त्याच्या वर 30 आणि खाली 65-70 अंशांचा, मग मधल्या धारा मोडायच्या. चाकाची पूर्ण रुंदी वापरा. एकाच जागी जाड दगड दाबला की चाकात नाली पडते आणि पुढचा प्रत्येक दगड त्यात लडखडतो. अकीकवर जोर केला तर पृष्ठभागाखाली पांढरे चंद्रकोरीसारखे घाव उमटतात, ते ओले असताना दिसत नाहीत आणि 600 वर अचानक समोर येतात. ते खोल असतात, म्हणून 80 वर शेवटचा अर्धा मिमी 220 साठी सोडा. 220 नंतर दगड कोरडा करून दिव्याखाली फिरवा. माथ्यावर सपाट ठिपका असेल तर तो इथेच घालवायचा, पुढच्या मऊ चाकांना ते जमत नाही. मग 280, 600, 1200, 3000, आणि शेवटी 14000 किंवा चामड्यावर सिरियम ऑक्साइड.

हे सगळं पाण्याखालीच. अकीकची कोरडी धूळ म्हणजे मोकळा सिलिका, आणि ती फुप्फुसात राहते. खंभातच्या अकीक कारागिरांमधल्या सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑक्युपेशनल हेल्थने केला आहे. घरात कोरडं घासणं, कोरडी करवत, वाळलेला चिखल झाडूने झाडणं यातलं काहीच करू नका. फवारा उडतो तिथे एन95 मास्क लावा, मोटारीला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असू द्या, आणि टबातला गाळ बादलीत बसू देऊन वरचं पाणीच मोरीत सोडा. तो गाळ नळीत बसला की सिमेंटसारखा घट्ट होतो.

पुढचा गोटा कापताना

स्वतःच्या करवतीवर जाडी चुकते ती बहुतेक वेळा स्क्रूच्या हिशोबात. व्हाइस जितका सरकवतो तितका स्लॅब मिळत नाही, त्यातून पातं खातं ते वजा होतं. 1.5 मिमी खाणाऱ्या पात्यावर 6 मिमीचा स्लॅब हवा असेल तर 7.5 मिमी सरकवावं लागतं. 6 च सरकवलं की 4.5 चा काप पडतो, तो बघून पुढच्या वेळी घाबरून 11-12 सरकवलं जातं, आणि जाड स्लॅबचा ढीग इथूनच साचतो. पहिला काप घेतल्यावर मोजा, फरक स्क्रूशेजारी कागदावर लिहा, मग पुढचे काप घ्या.

दुसऱ्याकडून कापून घेत असाल तर एकच जाडी सांगू नका. जॅस्पर आणि ब्लडस्टोन 6, फिका कार्नेलियन 8, डेंड्राइट असलेला अकीक 9, आणि टायगर आय, मूनस्टोन, लॅब्राडोराइट 12. गोट्यावर आधी रंगाने बाण काढून कापायची दिशाही दाखवा. सांगितलं नाही तर कापणारा गोटा व्हाइसमध्ये जसा पक्का बसतो तसाच कापतो, आणि त्यातली चमक तिरपी जाते.